परिक्रमेची पुस्तकं आणि दोघांची परिक्रमा : संशोधकाच्या नजरेतून एक चिकित्सा

पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नेमकं करायचं काय? वाचलेल्या पेपरांचा सारांश एकाखाली एक लिहिला की झाला रिव्ह्यू, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. रिव्ह्यू म्हणजे समोरच्या साहित्याला प्रश्न विचारणं. हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणाबद्दल लिहिलं, आणि माझ्या प्रश्नाला ते लागू पडतं का?

आज शोधनिबंध बाजूला ठेवून आपण हेच प्रश्न वेगळ्या साहित्याला विचारू. हे साहित्य म्हणजे नर्मदा परिक्रमेवरची पुस्तकं. मराठी घरांत ती भरपूर वाचली जातात. चांदूर बाजार, परतवाडा, अचलपूर या भागातून तर नर्मदा काही फार लांब नाही. बैतूलवरून वर गेलं की नर्मदापुरम, धारणीवरून गेलं की खंडवा आणि पुढे ओंकारेश्वर. दर वर्षी दिवाळी झाली की इकडून कोणी ना कोणी निघतंच.

माझ्या नात्यातलं एक जोडपं येत्या वर्षी पायी परिक्रमेचा विचार करतंय. मोठे बाबा साठीच्या पुढे, बीपीची गोळी चालू. मोठी माय पंचावन्नच्या आसपास, गुडघे अधूनमधून दुखतात. संत्र्याचा बगीचा आहे. दोघांनी मिळून तीन-चार पुस्तकं वाचली आणि त्यावरून बेत आखला. मग मोठे बाबा मला म्हणाले, "तू रिसर्च करतंस ना, पाय बरं हे बराबर हाय का." म्हणून हा लेख.

साहित्य काय आहे

मराठीत सगळ्यात जास्त हातोहात फिरलेलं पुस्तक म्हणजे जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर'. बोलल्यासारखी भाषा, अडचणीत ऐनवेळी कोणीतरी धावून येणं, मैयावरचा पूर्ण भरवसा, थेट अश्वत्थाम्याच्या भेटीपर्यंतचे अनुभव. हे पुस्तक वाचून घराबाहेर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा'. त्या मैत्रिणींसोबत चालल्या आणि नंतर सरकारी नोकरी सोडून मध्य प्रदेशात नर्मदाकाठी लेपा इथे मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. त्याआधीच्या पिढीत गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आहे. ती कादंबरी, पण तिच्यामागे त्यांची स्वतःची परिक्रमा आहे.

चौथं नाव मराठीबाहेरचं, पण आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात कामाचं : जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड. शांतिनिकेतनात शिकलेले. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदाकाठाने चालायला सुरुवात केली. पण सलग नाही, टप्प्याटप्प्याने. थोडं चालायचं, घरी यायचं, पुन्हा जिथे सोडलं तिथून निघायचं. पुढे उतारवयात पत्नी कान्ता यांच्यासोबत ते पुन्हा त्याच काठाने चालले. हिंदी आणि गुजराती दोन्ही भाषांत त्यांनी लिहिलं. नर्मदेवरच्या त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही पुस्तकं चांगली आहेत की नाहीत, हा इथला प्रश्न नाही. चांगलीच आहेत. प्रश्न असा : साठीच्या घरातल्या एका जोडप्याने त्यांच्या आधारावर पाच-सहा महिन्यांचं नियोजन करावं का?

पहिला आक्षेप : गाळलेली माणसं

परिक्रमेचं पुस्तक कोण लिहितं? बहुतेक वेळा ज्याची परिक्रमा पूर्ण झाली तो. अर्ध्या वाटेवरून ताप घेऊन परत आलेला माणूस सहसा पुस्तक लिहीत नाही. तो गप्प बसतो, शेजाऱ्यांनाही धड सांगत नाही, कारण संकल्प मोडल्याची बोच असते. म्हणजे दुकानात जी पुस्तकं आहेत ती सगळ्या परिक्रमावासीयांची नाहीत, पोहोचलेल्यांची आहेत. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

त्यामुळे "प्रत्येक पुस्तकात शेवटच्या क्षणी मदत मिळालेली आहे" हे वाक्य खरं असूनही त्यातून "मदत मिळतेच" असा निष्कर्ष निघत नाही. मदत मिळाली म्हणून ती परिक्रमा पूर्ण झाली, आणि पूर्ण झाली म्हणून ते पुस्तक आपल्या हातात आलं. अंश दिसतोय, छेद कुठेच नाही. तुमच्या विषयातही हेच असतं. ज्या प्रयोगाचा निकाल चांगला आला त्याचा पेपर छापून येतो, बाकीचे कपाटात पडून राहतात.

यात लेखकांचा दोष नाही. त्यांनी साक्ष दिली, आणि साक्ष म्हणून ती खरीच आहे. चूक होते ती आपण साक्षीलाच सर्वेक्षण समजतो तेव्हा.

दुसरा आक्षेप : नदी तीच राहिलेली नाही

दांडेकर ज्या नर्मदेच्या काठाने गेले तिच्यावर मोठं धरण नव्हतं. वेगडांनी १९७७ ला सुरुवात केली तेव्हा बरगी धरण पूर्ण व्हायचं होतं, ते १९९० मध्ये झालं. इंदिरासागरच्या पाण्यासाठी २००४ च्या पावसाळ्याआधी हरसूद हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. ओंकारेश्वरचं धरण त्यानंतरचं. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि पाणी १३८.६८ मीटरपर्यंत साठवायची सोय झाली. ज्या शूलपाणेश्वरावरून शूलपाणीच्या झाडीला नाव पडलं, त्याचं जुनं देऊळच पाण्याखाली गेलं. नवं देऊळ गोरा इथे बांधलंय. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली काठावरची गावंही बुडितात गेली.

म्हणजे पुस्तकातली वाट, मुक्कामाचं गाव, दोन गावांमधलं अंतर ही त्या वर्षाची माहिती आहे. आज तिथे पाणी असेल, किंवा वाट काठापासून बरीच आत सरकली असेल. पेपर वाचताना आपण डेटा कोणत्या वर्षीचा ते पाहतो ना, तसंच इथेही पाहायचं. आणि पुस्तक छापल्याचं वर्ष आणि चालल्याचं वर्ष यांत गल्लत करायची नाही.

तिसरा आक्षेप : २६०० हा आकडा

मोठ्या बाबांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं : एकूण २६०० किलोमीटर, रोज २०, म्हणजे १३० दिवस. २६०० हा आकडा सगळीकडे सापडतो. तो येतो कुठून? नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर मानतात. दोन काठ म्हणून दुप्पट करा : २६२४. ही नदीची लांबी झाली, चालणाऱ्याच्या वाटेची नाही. माणूस नदीच्या मध्यरेषेवरून चालत नाही. ओढा आडवा आला की वर चढून वळसा घालतो, जलाशय आला की कित्येक किलोमीटर आत जातो. म्हणून २६०० हा खालचा अंदाज धरायचा, सरासरी नव्हे.

तरी तोच धरून हिशेब करू. रोज २० किलोमीटर आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती धरली, तर १३० चे साधारण १५२ दिवस होतात. रोज १५ धरले तर चालायचे १७३ आणि विश्रांतीसकट २०२ दिवस. चातुर्मासात परिक्रमा थांबलेली असते, त्यामुळे बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात. १० नोव्हेंबरला निघालं तर पहिल्या हिशेबाने ११ एप्रिलला परत, दुसऱ्या हिशेबाने ३१ मेला.

फरक दीड महिन्याचा दिसतो, पण तो महिना कुठला ते पाहा. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून निघालं की दक्षिण काठाने समुद्राकडे, विमलेश्वरजवळून नावेने मिठीतलाईला, मग उत्तर काठाने अमरकंटक, आणि तिथून पुन्हा दक्षिण काठाने खाली. म्हणजे शेवटचा पट्टा नर्मदापुरम, हरदा, खंडवा. रोज १५ च्या वेगाने हा पट्टा मे महिन्यात येतो. वऱ्हाडातल्या माणसाला मे काय असतो ते सांगायला नको, आणि निमाडचा मे काही आपल्यापेक्षा थंड नाही. रोजच्या पाच किलोमीटरचा फरक वहीत किरकोळ वाटतो. साठीच्या माणसासाठी तो तब्येतीचा प्रश्न आहे.

चौथा आक्षेप, आणि मुख्य : दोघं म्हणजे एक गुणिले दोन नाही

ही पुस्तकं बहुतेक 'मी' च्या तोंडून आहेत. सोबती असले तरी चालण्याचा, थांबण्याचा अनुभव लिहिणाऱ्याचा आहे. आपला प्रश्न जोडप्याचा आहे. संशोधनाच्या भाषेत, युनिट ऑफ अॅनालिसिस बदललंय. मोठी माय हे माझ्यापेक्षा थोडक्यात म्हणाली : "पाय माये हायेत, पुस्तक लिवणाऱ्याचे नाई."

एक गणित करू. आकडा मी फक्त समजण्यासाठी धरतोय, कोणत्या पाहणीतला नाही. समजा एका माणसाला परिक्रमा सोडावी लागेल असं काही होण्याची शक्यता दर दिवशी २०० त १ आहे. पायाला जखम, ताप, घरून वाईट निरोप, काहीही. १३० दिवस टिकायचं तर १९९/२०० ला स्वतःशी १३० वेळा गुणायचं. उत्तर साधारण ०.५२. म्हणजे अशा शंभरांतले ५२ जण पूर्ण करतील.

आता जोडपं घ्या. दोघांनी मिळूनच पूर्ण करायचं, एक थांबला तर दुसराही थांबणार, असं ठरलं असेल तर ०.५२ ला ०.५२ ने गुणा. शंभरांत २७ जोडपी. पण "आपल्यापैकी एकाची तरी व्हावी" असं ठरलं असेल तर? दोघांचीही अपुरी राहण्याची शक्यता ०.४८ गुणिले ०.४८, म्हणजे ०.२३. एकाची तरी पूर्ण होईल अशी शंभरांत ७७ जोडपी.

तेच पाय, तीच वाट, तीच जोखीम. एक उत्तर २७, दुसरं ७७. बदललं काय? फक्त 'यश' या शब्दाचा अर्थ. सिनॉप्सिस लिहिताना गाईड जे पुन्हा पुन्हा विचारतात, "तुझा आउटकम व्हेरिएबल नेमका कोणता?", ते यासाठीच. तो आधी ठरला नाही तर नंतर कोणताही आकडा आपल्या सोयीने वाचता येतो.

चौकस वाचक इथे अडवेल : दोघांची जोखीम स्वतंत्र कुठे आहे? एकाच पंगतीत जेवणार, एकच पाणी पिणार, आजारीही एकदमच पडतील. बरोबर आहे. तसं धरलं तर २७ थोडे वाढतात आणि ७७ कमी होतात, दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात. पण मग वेगळीच अडचण दिसते. जोडीने जायचा मोठा आधार असा की एक पडला तर दुसरा सांभाळेल. एकाच वेळी दोघं पडले तर तो आधारच उरत नाही. उलट्या बाजूनेही बोललं पाहिजे : सोबत असली की लहानसहान दुखणं वेळेवर लक्षात येतं, माणूस हट्टाने चालत राहत नाही, म्हणून रोजची जोखीम कमीही होत असेल. माझ्या साध्या गणितात हे येत नाही. गणित उत्तर द्यायला केलेलं नाही, प्रश्न नीट दिसावा म्हणून केलंय.

आणि तो प्रश्न त्या दोघांनी वहीत लिहिलाच नव्हता. एक थांबला तर दुसऱ्याने काय करायचं? मी विचारलं तेव्हा मोठे बाबा म्हणाले, "मंग दोघंबी वापस." मोठी माय म्हणाली, "नाई, तुमी पूर्ण करा, मी पोराकडे राहीन." इतके दिवस बेत चालला होता आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या परिक्रमा होत्या.

औषधांच्या चाचण्यांमध्ये स्टॉपिंग रूल असतो. कोणत्या परिस्थितीत चाचणी थांबवायची ते पहिला रुग्ण घेण्याआधीच लिहून ठेवतात. कारण मधे आलेला आकडा पाहून निर्णय घेतला की माणूस स्वतःला फसवतो. परिक्रमेतही तसंच आहे. जंगलात ताप भरलेला असताना, संकल्प मोडायची भीती आणि साथीदाराला वाईट वाटेल हा संकोच असताना, नीट निर्णय होत नाही. नदी ओलांडायची नाही हा नियम आहे. समजा दवाखाना पलीकडच्या काठावर जवळ आहे आणि अलीकडे लांब. काय करायचं? हे घरी ओसरीवर बसून, तब्येत धडधाकट असताना ठरवायचं असतं. पुस्तकं याचं उत्तर देत नाहीत. त्या लेखकाच्या बाबतीत तो प्रसंग निभावला, म्हणून तो प्रसंग झाला. निभावला नसता तर पुस्तक झालं नसतं.

वेगडांकडून काय घेता येईल

वेगडांच्या टप्प्याटप्प्याच्या चालण्याकडे मी आराखडा म्हणून बघतो. एक टप्पा फसला तरी सगळं फसत नाही. प्रत्येक टप्पा हंगाम पाहून निवडता येतो, मे महिना टाळता येतो. शिवाय तोच काठ बऱ्याच वर्षांनी पुन्हा चालल्यामुळे त्यांच्या लेखनात तुलना आली, नदीत काय बदललं ते दिसलं. एकदाच चाललेल्या माणसाला ते दिसू शकत नाही. आणि कान्ताबाई सोबत असताना चालणाऱ्याचं एकक खरोखर जोडपं आहे.

पण त्याची किंमत आहे. सलग, घरी न परतता, संकल्प करून केलेली परिक्रमा ही वेगळी गोष्ट. वेगड नदीचं सौंदर्य पाहायला निघाले होते. मोठी माय नवस फेडायला निघाली आहे. तिला "टप्प्याने कर" सांगणं म्हणजे संशोधन प्रश्नच बदलून देणं. पद्धत सोयीची आहे म्हणून प्रश्न बदलायचा नसतो. प्रश्न ज्याचा आहे त्याला विचारून बदलायचा.

मग वहीत काय बदललं

निर्णय त्यांचा. मी फक्त चार रकाने वाढवून दिले.

पहिला : एक थांबला तर दुसऱ्याने काय करायचं, दोघांच्या सहीने. यावर आठवडाभर बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते असं : तीन दिवसांत बरं वाटलं तर दोघं पुढे, नाही तर दोघं घरी. नदीपलीकडचा दवाखाना जवळ असेल तर नदी ओलांडायची, त्यावर चर्चा नाही.

दुसरा : वेग. पुस्तकातला नाही, स्वतःचा. त्यासाठी पायलट स्टडी. पाठीवर तेवढंच ओझं घेऊन बहिरमच्या बाजूने सलग पाच दिवस चालायचं, मुक्काम बाहेर, रात्री जमिनीवर झोपायचं. एक दिवस चालून काहीच कळत नाही. गुडघा चौथ्या दिवशी बोलतो. त्यातून जो आकडा येईल, तोही दोघांतल्या मागे राहणाऱ्याचा, तो हिशेबात धरायचा. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं आणि गुडघ्याचं विचारायचं.

तिसरा : बगीचा. आंबिया बहाराचा माल नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत झाडावर असतो. त्यानंतर झाडं ताणावर सोडायची आणि जानेवारीत पाणी सुरू करायचं. माल झाडावरच व्यापाऱ्याला देणं जमेल, पण पाण्याचं कोण बघणार? हे परिक्रमेच्या कोणत्याच पुस्तकात असणार नाही, आणि मधूनच परत यायला लावणारं कारण बहुधा हेच निघेल. चुलतभावाचं नाव लिहिलंय, त्याला विचारूनच.

चौथा : न लिहिणाऱ्यांची माहिती. आजूबाजूच्या गावांत चौकशी करून परिक्रमा अर्धवट सोडून आलेली माणसं शोधायची आणि कमीपणा न देता विचारायचं : कुठे थांबलात, कितव्या दिवशी, कशामुळे? मोठे बाबा या कामात माझ्यापेक्षा तरबेज निघाले. एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्यांना असे दोघं भेटले. एकाने दातदुखीमुळे सोडली होती. दातदुखी आमच्या कोणाच्याच यादीत नव्हती.

तुमच्या विषयातलं एखादं नावाजलेलं पुस्तक किंवा पेपर घ्या आणि हेच चार प्रश्न लावा. यात कोण गाळलं गेलंय? माहिती कोणत्या वर्षाची आहे? मुख्य आकडा मोजून आलाय की दुप्पट करून? आणि त्यांचं एकक तेच माझं एकक आहे का? उत्तरं वहीत लिहा. सिनॉप्सिसमधला 'रिसर्च गॅप' बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

'नर्मदे हर हर' मोठ्या बाबांच्या उशाशी अजून आहे आणि ते काढायचं काही कारण नाही. का निघायचं ते त्यांना त्या पुस्तकाने सांगितलं. किती दिवसांचं, कोणत्या वेगाने आणि कुठे थांबायचं, ते मात्र बहिरमच्या पाच दिवसांनंतर ठरेल.